वाट नाही ती झाडी आपली नाही

जमिनीचा हिशेब मांडताना जिराईत किती, बागाईत किती आणि पडीक किती, हे आपण बिनचूक सांगतो. परंतु ओढ्याकाठची दोन-चार एकर झाडी, विहिरीभोवतालची जुनी आमराई किंवा बांधालगत वाढलेले बाभूळबन यांचा उल्लेख बहुधा 'पोटखराब' या एका शब्दात उरकला जातो. या झाडीपासून सरपण, कुंपणाचे काटे, आंबा, चिंच, डिंक, मध, शेळ्यांचा पाला आणि उन्हाळ्यात गुरांस सावली मिळते, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही तिच्यात जाण्यायेण्याची नीट वाट आखून किती जणांनी ठेविली आहे, असा प्रश्न केल्यास पुष्कळांस उत्तर देताना थांबावे लागेल. आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तरावरच त्या झाडीचे भवितव्य अवलंबून आहे. म्हणून पायवाटेसारख्या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी झाडीत वाट पाडावी लागत नसे. ती पडत असे. सरपणास जाणाऱ्या बायका, गुराखी, शेळ्यामागची पोरे, औताचे लाकूड शोधणारा सुतार आणि मोहोळ काढणारे यांच्या पायांनी वर्षभर वाट मळलेली राही. आज हे पाय कमी झाले आहेत. लोखंडी अवजारांमुळे सुताराचे काम घटले, ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची टाकी पुष्कळ घरांत पोहोचली. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका होणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा आमचा हेतू नाही. पण पाय थांबले की वाट बुजते, आणि वाट बुजली की घाणेरी व वेडी बाभूळ यांचे राज्य सुरू होते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे.

ही गोष्ट आपल्याच मुलखात घडत आहे असे नव्हे. जपानात खेड्याच्या भाताच्या खाचरांमागे डोंगरउतारावर गावकऱ्यांची राखलेली झाडी असे. तिला तेथे 'सातोयामा' म्हणतात. सरपण, कोळसा आणि पाल्याचे खत यांसाठी गावकरी तेथे नित्य जात व ठराविक वर्षांनी झाडे तोडून पुन्हा फुटवा घेत. १९५० नंतरच्या दोन दशकांत तेथे गॅस, रॉकेल व रासायनिक खते आली, झाडीत जाण्याचे कारण उरले नाही, आणि अनेक ठिकाणी त्या झाडीत बांबूने व झुडपांनी दाटी केली. त्या देशात पुढे नागरिकांच्या मंडळ्यांनी अशा झाडीतील वाटा पुन्हा मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले. ज्या देशाने यंत्रांत एवढी प्रगती केली, त्यालाही झाडी राखण्यासाठी शेवटी माणसाच्या पायांकडेच वळावे लागले, हा बोध आपण घेण्यासारखा आहे.

वाट बुजल्याने होणारे नुकसान तीन प्रकारचे असते. पहिले आगीचे. पाथरी तालुक्याच्या भूमीला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळू लागल्यावर उसाचे क्षेत्र वाढले. या प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी तो राष्ट्रास अर्पण केला. उसाबरोबर पाचट आले, आणि ते शेतातच पेटवून देण्याची खोडही आली. शेजारच्या फडातील ठिणगी वाळलेल्या पाल्यात पडली की वाट नसलेल्या झाडीत आग कोठे अडवावी हेच कळत नाही. वनखाते जंगलात उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून ठेविते, ती याचसाठी. आपल्या दोन एकरांत निराळी जाळरेषा काढण्याची गरज नाही. झाडून स्वच्छ ठेविलेली चार फुटी पायवाट जमिनीवरून सरकणारी पाल्याची लहान आग अडविण्यास पुष्कळदा पुरते, आणि न पुरली तरी विझविणाऱ्यास उभे राहण्यास जागा देते.

दुसरे नुकसान जिवाचे. नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही विषारी साप आपल्या भागात आहेत. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्याच्या दिवसांतील होते. घोणस पाल्याच्या रंगात मिसळून पडून राहते. गुडघाभर गवतातून चाचपडत जाणाऱ्या मजूर बाईस ती दिसत नाही. मोकळ्या मुरमाच्या वाटेवर दिसते. जो मालक मजुरांस चिंचा झोडण्यास किंवा आंबे उतरविण्यास झाडीत पाठवितो, त्याने त्यांच्या पायांखाली दिसेल अशी जमीन देणे हे त्याचे कर्तव्यच होय.

तिसरे नुकसान सर्वांत मोठे, पण ते हळूहळू होत असल्यामुळे दिसत नाही. ज्या झाडीत मालकाचे पाऊल पडत नाही, तिच्याविषयी त्याची ममता कमी होत जाते. कोणते झाड पोकळ झाले, कोणत्याला बांडगूळ लागले, कोठे नवे रोप उगवले, हे त्याला कळेनासे होते. मग एके दिवशी लाकडाचा व्यापारी येतो, बांधावर उभा राहून नजरेने अंदाज बांधतो आणि उभी झाडे उक्ती मागतो. मालकालाही आत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे व्यापाऱ्याचा अंदाज हाच त्याचा भाव ठरतो. आजोबांनी लावलेली आमराई अशा रीतीने एका सौद्यात जाते आणि पुढील हंगामात तेथे उसाची सरी पडते. झाडीचे मोल जाणून, पूर्ण विचारांती कोणी ती काढली तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु आत पाऊल न टाकता ती विकणे हा व्यवहार नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वाट आखावी कशी, याचा विचार करू. पहिला नियम असा की आखणीस कुदळीने प्रारंभ करू नये. एक पावसाळा नुसते पाहावे. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाडीत फिरून पाणी कोठून आले, कोठे तुंबले आणि कोठून ओढ्यास मिळाले, हे खुंट्या रोवून टिपून ठेवावे. गुरांनी व रोह्यांनी आपोआप पाडलेल्या वाटाही पाहाव्यात. जनावर सहसा चिखलातून व व्यर्थ चढावरून जात नाही, म्हणून त्याची वाट पुष्कळदा आपल्या उपयोगाची ठरते. मात्र जेथे गुरे ओढ्याच्या काठावरून थेट खाली उतरतात, ती वाट आपली करू नये. तेथेच पुढे घळ पडते.

दुसरे असे की, वाटेस प्रयोजन असावे. विहीर, चिंचेचे झाड, ओढ्यावरील ओलांडा, मधपेट्यांची जागा, खोपी आणि पलीकडचा बांध अशी चार-सहा ठिकाणे कागदावर मांडून ती एका वळसा घेणाऱ्या वाटेने जोडावीत. ज्या वाटेने गेलो तिनेच परत यावे लागले तर झाडीचा अर्धा भाग कधीच दृष्टीस पडत नाही. वळशाची वाट असली की रोजच्या फेरीत सगळी झाडी नजरेखालून जाते. मधला एखादा जोडरस्ता पुरे. वाटांचे जाळे विणण्याची हौस करू नये, कारण जितक्या वाटा तितकी निगा.

तिसरा नियम उताराचा आहे, आणि सर्व नियमांत तो मुख्य होय. वाट उताराच्या सरळ दिशेने कधीही काढू नये. ज्या उतारावरून वाट जाते, त्या उताराच्या निम्म्याहून वाटेचा चढ अधिक नसावा, असा वाटा बांधणाऱ्या जाणत्यांचा दंडक आहे. आणि कोठेही १०० फुटांस १० फुटांहून अधिक चढ पडू देऊ नये. याचे कारण सोपे आहे. वाटेचा चढ जमिनीच्या उताराइतकाच असला म्हणजे पाण्याला बाजूस निघून जाण्यास जागा राहत नाही. ते वाटेवरूनच धावते, आणि तीन पावसाळ्यांत वाटेचा ओहळ होतो. आडव्या उतारावरून जाणाऱ्या वाटेस खालच्या अंगाकडे किंचित कल द्यावा आणि दर ५०-६० फुटांवर एक लहानशी खोलगट जागा ठेवावी, म्हणजे पाणी तेथे वाट सोडून खाली उतरेल. पातळी काढण्यास महागडे यंत्र नको. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून, माथ्यावरून दोरीस दगड टांगला की चौकट तयार होते. पाणलोटाच्या कामांत समपातळी चर आखण्यास हीच चौकट वापरतात.

परंतु पाथरीकडील पुष्कळ वाचक म्हणतील की, आमच्याकडे डोंगर कोठे आहे? खरे आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील आपली गंगथडी बहुतांशी सपाट व भारी काळ्या जमिनीची आहे. येथे उताराची पीडा ओढ्याच्या व नदीच्या काठापुरतीच; खरी पीडा चिखलाची आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात पायांच्या दाबाने तो खाली आणि काळी माती वर येते. 'मुरूम टाकून पाहिला, टिकत नाही', अशी तक्रार जी ऐकू येते तिचे मूळ येथे आहे.

उपाय असा. सपाट जमिनीवर वाट भोवतालच्या पातळीहून उंच असली पाहिजे. पाला व वरची ३ इंच भुसभुशीत माती काढून ती शेताच्या बांधावर टाकावी. खालची जमीन वाफशावर असताना धुम्मस फिरवून ठोकून घ्यावी. नंतर मुरमाचा पहिला थर पसरून, पाणी शिंपून ठोकावा आणि त्यावर दुसरा थर तसाच द्यावा, म्हणजे ठोकून झाल्यावर एकूण ६ इंच जाडी भरेल व वाट जमिनीच्या वर ३ इंच राहील. वाटेचा माथा मध्यभागी इंच-दीड इंच उंच ठेवावा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंस निथळते. कडेला उथळ चर काढून त्यास १०० फुटांस ६ इंच एवढा उतार द्यावा आणि तो ओढ्याकडे किंवा शेततळ्याकडे न्यावा. चराचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडून देऊ नये. पुढील वर्षी तेच भांडण बनून परत येते.

याचा हिशेबही मांडून दाखवितो. दोन एकरांच्या झाडीस ६६० फूट लांब व ४ फूट रुंद वाट पुरेशी आहे असे धरू. तिचे क्षेत्र २,६४० चौरस फूट, म्हणजे २॥ गुंठ्यांहूनही थोडे कमी. ८० गुंठ्यांत हे शेकडा ३ होते, आणि वाट झाडांमधूनच जात असल्यामुळे त्यासाठी एकही झाड गमवावे लागत नाही. ६ इंच जाडीस १,३२० घनफूट ठोकलेला मुरूम लागतो. सैल मुरूम एक चतुर्थांश अधिक धरावा लागतो, तेव्हा सुमारे १६॥ ब्रास होतात. सगळी वाट एकाच वर्षी मुरमाची करावी असेही नाही. जेथे पाणी तुंबते ते १००-१५० फूट प्रथम करावेत. बाकीचे उंच व कोरडे भाग नुसते साफ व ठोकून ठेवले तरी दोन-तीन वर्षे भागते. मुरूम आणण्यापूर्वी गौण खनिजाच्या परवानगीविषयी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

रुंदीविषयी एक सूचना करावीशी वाटते. एकट्या माणसास ३ फूट पुरतात. पण डोक्यावर भारा घेतलेल्या बाईस समोरून दुसरी येताना बाजूस होता आले पाहिजे, म्हणून आम्ही ४ फूट सांगतो. डोक्यावरच्या भाऱ्याचा विचार उंचीतही करावा. वाट आखणारा पुरुष आपल्या डोक्यापुरत्या फांद्या छाटतो आणि कडब्याची पेंढी घेऊन येणाऱ्या बाईचा भारा प्रत्येक झाडाला अडतो. जमिनीपासून ८-९ फूट मोकळे ठेवावे. आणि छाटणी ज्यांना तेथून जावे लागते त्यांना विचारून करावी.

आता झाडांच्या मुळांविषयी. आंब्याची किंवा चिंचेची अन्न शोषणारी बारीक मुळे बरीचशी जमिनीच्या वरच्या थरांत आणि फांद्यांच्या घेरापर्यंत, किंबहुना त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. म्हणून वाट शक्यतो घेराच्या बाहेरून न्यावी. झाडाखालून नेणे भागच पडले तर तेथे खणू नये, मुरूम ठोकू नये व बुंध्याशी माती चढवू नये. छाटणीच्या काटक्यांचा भुगा व पाला यांचा ३-४ इंच थर देऊन तेवढा भाग मऊ ठेवावा. मात्र उन्हाळ्यापूर्वी हा थर काढून टाकावा, नाही तर आगीस तीच वाट होईल. झाड मध्ये आले तर वाट वळवावी. आंबा, चिंच व जांभूळ ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती आपल्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. कायदा नसता तरीही आम्ही हेच सांगितले असते; कारण झाडाला वळसा घालणारी वाट चार पावलांनी लांब होते, पण तोडलेले झाड आपल्या हयातीत पुन्हा उभे राहत नाही.

ओढा ओलांडण्याची जागा काठ ठेंगणा व घट्ट असेल तेथे निवडावी आणि ओलांडा प्रवाहास काटकोनात घ्यावा. वाट दोन्ही बाजूंनी ओढ्याकडे उतरत आली पाहिजे. एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूने तशीच उतरत गेली तर पुराचे पाणी ओढा सोडून वाट धरते. दोन-तीन मोठे चपटे दगड पाऊलभर अंतरावर बसविले की वर्षातील बहुतेक दिवस काम भागते. लहान नळ्या घालून वर माती टाकण्याचा मोह टाळावा. पहिल्या पुरात पाला-काटक्या अडकून नळी बुजते आणि नळीसकट माती वाहून जाते. नदीकाठच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ढालेगाव व मुदगल येथील बंधाऱ्यांमुळे गोदावरीचे पाणी आता पूर्वीपेक्षा उंच राहते. तेव्हा वडिलांच्या वेळची काठावरची वाट आज सुरक्षित असेलच असे नाही. ती काठापासून आत घ्यावी.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहोत. मजुरी वाढली आहे, मजूर मिळत नाही, आणि जेसीबी दोन तासांत जे करितो ते माणसांकडून आठ दिवसांत होत नाही. मग कुदळ-फावड्याचा हा उपदेश कशाला? आक्षेप खोटा नाही. मुरूम झाडीच्या कडेपर्यंत आणून टाकण्यास, मोकळ्या जागेतील चर काढण्यास व काटेरी वेडी बाभूळ मुळासकट उपटण्यास यंत्र अवश्य वापरावे. परंतु झाडीच्या आत ते नेऊ नये. यंत्राला वळण आवडत नाही. ते सरळ जाते. त्याचे खोरे मुळे तोडते, त्याच्या वजनाने ओली काळी माती दगडासारखी दबते, आणि ते जी वाट मागे सोडते ती भोवतालच्या जमिनीहून फूटभर खोल असते. खोल वाट म्हणजे पावसाळ्यातला नाला. दोन तासांत झालेले काम निस्तरण्यास मग दोन वर्षे जातात. शिवाय ४ फुटी वाटेचे काम हे एकदम करण्याचे कामच नव्हे. घरच्या दोन माणसांनी आठवड्यातून एक सकाळ दिली तरी एका हिवाळ्यात ते पुरे होते.

पक्क्या वाटेची हौस असणाऱ्यांनी माथेरानकडे पाहावे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी प्रसिद्धीस आणलेल्या त्या गिरिस्थानात मोटारींस बंदी ठेवून दाट झाडीतून लाल मातीच्या वाटा राखण्यात आल्या. तेथे मोटारी फिरत नसतानाही मुसळधार पावसाने व घोड्यांच्या टापांनी वाटा झिजतात. त्यांवर मातीचे पेव्हर बसवावेत की नाही, हा वाद २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात आम्ही पडत नाही. बोध एवढाच की, झाडीतील वाट एकदा करून विसरण्याची वस्तू नाही. वर काय घातले यापेक्षा पाणी कोठून काढले आणि दरवर्षी कोणी फावडे लावले, यावर तिचे आयुष्य ठरते. आपल्या पैठणला जुन्नरमार्गे कोकणच्या बंदरांशी जोडणारा सातवाहनकालीन नाणेघाट आजही पायांखाली आहे; तेथे खडकात पायऱ्या आहेत आणि वाटसरूंसाठी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. वाट करणाऱ्याने चालणाऱ्याची तहान लक्षात घेतली होती. आपणही वळशाच्या मध्यावर सावलीत एक रांजण व बसण्यापुरता पार ठेवावा. तेथे मजूर टेकतील, आणि आपणही टेकाल.

वाटेचा विचार करताना शेजाऱ्याच्या हक्काचा विचार सोडून चालत नाही. आपल्या झाडीतून दुसऱ्याची जुनी वहिवाट जात असेल तर नवी वाट काढण्याच्या निमित्ताने ती बंद करू नये. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट व गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. आखणीपूर्वी नकाशा अवश्य पाहावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देतात आणि तो देताना शेतात पोहोचण्याची शेतकऱ्याची वाजवी गरज पाहिली जाते. असलेली वाट कोणी अडविली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पण कचेरीची पायरी चढण्यापूर्वी शेजाऱ्यास बरोबर घेऊन झाडीतून एकदा फिरावे. दोघांनी मिळून आखलेली सामाईक वाट दोघांच्या पायांनी मळते आणि तिची निगाही अर्ध्या खर्चात होते.

शासनाने पाणंद रस्त्यांकडे अलीकडे लक्ष दिले आहे. २०२१ साली रोजगार हमीच्या निधीची सांगड घालून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना काढण्यात आली. गाड्या व यंत्रे शेतापर्यंत पोहोचण्यास असे रस्ते हवेतच. परंतु शिवारातील रस्ता शेताच्या कडेपाशी थांबतो; तेथून आपल्या झाडीतील चार फुटांसाठी कोणत्याही योजनेची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. ते काम मालकाचे आहे.

निगेचा वर्षक्रम थोडक्यात असा. दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली की आखणी व मातीकाम करावे. पौष-माघात मुरूम टाकून ठोकावा. पानगळ होऊन गेल्यावर होळीच्या आत वाटेवरील व तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन हातांतील पाला झाडून घ्यावा, आणि पाचट पेटण्याचे दिवस संपेपर्यंत ती जागा स्वच्छ ठेवावी. झाडलेला पाला जाळू नये, खताच्या खड्ड्यात घालावा. वैशाखात चर मोकळे करावेत. आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मालकाने स्वतः डोक्यावर घोंगडी व हातात फावडे घेऊन वाटेवरून चालावे. पाणी कोठे चुकले ते त्या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही नकाशात दिसत नाही, आणि चार फावड्यांत जे दुरुस्त होते त्याला पुढे चार दिवस लागतात.

आमच्या सभासद बंधूंस शेवटी दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. ज्यांच्याकडे एकरभरही झाडी आहे, त्यांनी यंदाच्या हिवाळ्यात निदान १०० फूट वाट करून पाहावी, आणि ती करताना घरातील एका मुलास किंवा मुलीस बरोबर घ्यावे. ज्या मुलांनी आमराईतील झाडांची नावे चालता चालता ऐकली आहेत, ती उद्या व्यापाऱ्याला भाव सांगण्यापूर्वी दोनदा विचार करतील. दुसरी सूचना संघास. धुम्मस, पातळीची चौकट व फांद्या छाटण्याच्या लांब दांड्याच्या कात्र्या यांचा एकेक संच संघाने विकत घेऊन सभासदांस पाळीपाळीने वापरावयास द्यावा. खर्च अल्प आहे. उसाने, कापसाने आणि सोयाबीनने आपल्या शिवारातील बहुतेक जागा घेतली आहे. जी थोडी झाडी उरली आहे, ती आपल्या पायांखाली राहील तरच आपल्या हाती राहील.